हेड पोर्टिंग कोणाकडे द्यावं? नवख्यांसाठी दुकान निवडण्याची पद्धत

इंजिनातल्या बहुतेक चुका दुरुस्त होतात. कार्ब्युरेटरचा चुकीचा जेट बदलता येतो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं टायमिंग पुन्हा लावता येतं, पिस्टनही दुसरा बसवता येतो. हेड म्हणजे मोटरसायकलच्या सिलिंडरवरचं झाकण, त्यातल्या हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटा म्हणजे पोर्ट, आणि त्या घासून नीट आकार देणं म्हणजे पोर्टिंग. पोर्टमधून घासून काढलेलं ॲल्युमिनियम मात्र परत येत नाही. वेल्डिंग करून भर घालता येते, पण त्या उष्णतेने हेड वाकतं, धातू नरम पडतो आणि मग सगळं मशीनिंग नव्याने करावं लागतं. म्हणून या कामासाठी ग्राइंडर सफाईने चालवणारा कारागीर पुरत नाही. ग्राइंडर कुठे थांबवायचा हे मोजून ठरवणारा माणूस शोधावा लागतो.

दुकान शोधायला निघण्याआधी एक समज मोडून काढायला हवी. ‘पोर्ट मोठं केलं की पॉवर वाढते’ असं सर्रास म्हटलं जातं. पोर्टमधून किती हवा जाते याला महत्त्व आहेच, पण ती किती वेगाने जाते यालाही तितकंच आहे. पिस्टन खाली पोचून पुन्हा वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. त्या वेळी वेगात येणारी हवा स्वतःच्या जोराने आत घुसत राहते. पोर्ट गरजेपेक्षा मोठं झालं की हा वेग पडतो. मग कमी आरपीएमला आत आलेली हवा उलटी बाहेर ढकलली जाते आणि गाडीचा खालचा पिकअप जातो. वरच्या टोकाला थोडी पॉवर वाढली तरी रोज चालवताना गाडी आधीपेक्षा मंद वाटते. मोठं करण्यापेक्षा आकार नीट करणं हेच पोर्टिंगचं खरं काम आहे.

पहिली पायरी : आधी स्वतःची गरज कागदावर लिहा

दुकानदाराला फोन करण्याआधी या गोष्टी लिहून काढा: गाडीचं मॉडेल आणि वर्ष, आतापर्यंतचं रनिंग, कॅम मूळचा आहे की बदललेला, पिस्टन आणि बोअर मूळचे आहेत का, कार्ब्युरेटर आहे की फ्युएल इंजेक्शन, एअरबॉक्स आणि एक्झॉस्ट कोणता, पेट्रोल किती ऑक्टेनचं मिळतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही गाडी कोणत्या आरपीएमच्या पट्ट्यात चालवता. ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला चालणारी गाडी आणि डोंगरवाटेवर हाफ क्लचवर चढणारी गाडी, या दोघींना एकच पोर्ट चालत नाही.

स्पर्धेत उतरत असाल तर वर्गाचे नियम आधी वाचा. उत्पादन गाड्यांच्या बऱ्याच वर्गांत पोर्टला हत्यार लावायलाच बंदी असते आणि तपासणीत ते लगेच दिसतं. रस्त्यावरची गाडी असेल तर वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम बघा.

कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टही (सिलिंडर दाब किती धरतो आणि किती गळतो ते दाखवणाऱ्या) आधीच करून घ्या. रिंगा झिजलेल्या इंजिनावर सुंदर पोर्ट केलेलं हेड बसवण्यात अर्थ नाही.

गाडी टू-स्ट्रोक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे पोर्ट सिलिंडरच्या भिंतीत असतात, त्यांची उंची आणि उघडं राहण्याचा काळ हे वेगळंच गणित आहे, आणि ते करणारे कारागीरही बहुधा वेगळे असतात.

माझं स्पष्ट मत सांगतो. मूळ कॅम, मूळ एक्झॉस्ट आणि रोजचा वापर असेल तर पूर्ण पोर्टिंगची गरज क्वचितच पडते. उत्तम सीट कटिंग (व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्या सीटला कोन कापणं), सीटच्या खालच्या भागाची सफाई आणि मॅनिफोल्डचे जोड जुळवणं, एवढ्यावर बरंच काही मिळतं. हे तुम्हाला आपणहून सांगणारं दुकान सापडलं तर ते यादीत सगळ्यात वर ठेवा.

दुसरी पायरी : कारागिराची भाषा थोडी शिकून घ्या

व्हॉल्व्हच्या लगेच मागे पोर्ट जिथे वळतं त्या गोलसर जागेला बोल म्हणतात. हवेची खरी अडचण इथे असते. बोलचा सगळ्यात अरुंद भाग म्हणजे थ्रोट. त्याचा व्यास साधारणपणे व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवतात. म्हणजे ३० मिमीच्या व्हॉल्व्हला थ्रोट साडेपंचवीस ते सत्तावीस मिमीच्या आसपास येतो. त्यापुढे गेलं तर सीटला आधारच उरत नाही.

वळणाची आतली, आखूड बाजू म्हणजे शॉर्ट साइड. वेगात आलेल्या हवेला इथे वळता आलं नाही तर ती भिंत सोडते, गुरफटते आणि अर्धा पोर्ट वाया जातो. इथली गोलाई सांभाळायची असते. नवशिका माणूस नेमकी तीच खरवडतो, कारण ग्राइंडर तिथे सहज पोचतो. दुकानातलं जुनं काम बघाल तेव्हा टॉर्च आधी या जागी मारा.

तिसरी पायरी : सीट आणि गाइडचं काम कोण करतं ते विचारा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. पोर्टचे फोटो सगळे दाखवतात, सीटबद्दल फारसं कोणी बोलत नाही. हवा इंजिनात शिरताना शेवटचा अडथळा व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामधल्या फटीचा असतो. व्हॉल्व्ह थोडासाच उघडा असतो तेव्हा आत किती हवा जाणार हे जवळपास पूर्णपणे सीटचे कोन ठरवतात. व्हॉल्व्ह प्रत्येक फेरीत हा थोड्या उघडेपणाचा टप्पा दोनदा ओलांडतो, एकदा उघडताना आणि एकदा मिटताना.

सीटची नेहमीची रचना तीन कोनांची असते. व्हॉल्व्ह टेकतो तो मधला पट्टा ४५ अंशांचा, त्याच्या वर ३० आणि खाली ६० अंश. काही दुकानं चार-पाच कोन किंवा गोलाईचा कटर वापरतात. कोन किती यापेक्षा तुमच्या व्हॉल्व्हला आणि पोर्टला ते जुळतात का, हे महत्त्वाचं. टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी बऱ्याच मोटरसायकलींत एक मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. एक्झॉस्टचा पट्टा फार अरुंद करून चालत नाही, कारण तापलेला व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडला देतो. पट्टा बारीक केला तर फ्लोचा आकडा छान दिसतो, पण पुढे व्हॉल्व्ह जळतो.

व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिला गाइड म्हणतात. सीट कापणाऱ्या कटरचा पायलट, म्हणजे त्याला केंद्रात धरणारी दांडी, या गाइडमध्ये बसतो. गाइड झिजलेला असेल तर पायलट डुगडुगतो आणि सीट केंद्रापासून सरकते. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी गाइड तपासायचे, लागले तर बदलायचे, मग सीट कापायची. दुकानदाराला विचारा, ‘गाइडचा क्लिअरन्स कशाने मोजता? सीट केंद्रात आहे हे कशावर तपासता?’ बोअर गेज, डायल गेज, निळी शाई असं काही ऐकू आलं तर गप्पा पुढे न्या. ‘व्हॉल्व्ह हलवून बघतो, कळतं हाताला’ एवढंच उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.

पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासणं, म्हणजे लॅपिंग, हा सीट कटिंगला पर्याय नाही. नवी सीट कुठे टेकते ते बघायला हलकं लॅपिंग ठीक आहे. पण गाडीत टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतील तर तेही करायचं नाही, कारण त्यांच्या पृष्ठभागावरचा कठीण थर अगदी पातळ असतो आणि पेस्टने तो निघून जातो. यामाहा वायझेड ४५० एफ किंवा होंडा सीआरएफ ४५० आर यांसारख्या मोटोक्रॉस गाड्यांमध्ये असे व्हॉल्व्ह येतात. तुमची गाडी या जातीची असेल तर दुकानाला पहिला प्रश्न हाच विचारा: ‘टायटॅनियम व्हॉल्व्ह लॅप करता का?’

आणखी एक गोष्ट. सीट जितकी कापाल तितका व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो आणि त्याची दांडी वर येते. स्प्रिंगला जास्त जागा मिळाल्याने तिचा दाब कमी होतो, म्हणून खाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून उंची परत आणावी लागते. बकेटखालची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टोपीखालची) शिमही पातळ लागते, आणि एका मर्यादेनंतर तेवढी पातळ शिम मिळतच नाही. चांगलं दुकान काम सुरू करण्याआधीच दांडीची उंची मोजून लिहून ठेवतं. सीटला मर्यादेपलीकडे कापण्याची वेळ आली तर ते नवी सीट बसवण्याचा सल्ला देतं.

सीटचं काम दुसऱ्या मशीन शॉपमध्ये पाठवत असतील तर त्यात वाईट काही नाही. मात्र ते कुठे जातं, आणि परत आल्यावर कोण तपासतं, हे कळायला हवं.

चौथी पायरी : फ्लो शीट वाचायला शिका

फ्लो बेंच हे यंत्र ठरावीक दाबफरकावर हेडमधून किती हवा जाते ते मोजतं. ही कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अभियंते हॅरी वेस्लेक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हेडमधल्या हवेच्या प्रवाहावर काम करत होते, आणि त्यांचं नाव लागलेल्या इंजिनावर पीटर कॉलिन्स १९७६ मध्ये स्पीडवेचे जगज्जेते झाले. आज बऱ्याच दुकानांत सुपरफ्लोसारख्या कंपनीचा किंवा घरी बांधलेला बेंच असतो. घरी बांधलेला आहे म्हणून नाक मुरडू नका. तो नियमित कॅलिब्रेट होतो का, ते विचारा.

शीटवर आधी दाबफरक बघा. तो पाण्याच्या इंचांत लिहितात, आणि २८ किंवा १० इंच हे आकडे नेहमी भेटतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे १० इंचांवर १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) देणारं हेड २८ इंचांवर सुमारे १६७ दाखवेल. हेड तेच, हवा तीच, फक्त आकडा वाढला. दाबफरक लिहिलेला नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही.

मग लिफ्टचे आकडे बघा. व्हॉल्व्ह एकेक मिमी उघडत नेऊन प्रत्येक टप्प्यावर मोजलेलं असावं. फक्त सगळ्यात मोठ्या लिफ्टचा एकच आकडा देणारे जाहिरात करत असतात. तुमचा कॅम व्हॉल्व्हला ८ मिमी उघडत असेल, तर १० मिमीवरचा प्रवाह तुमच्या कामाचा नाही. मधल्या लिफ्टवर झालेली वाढ मला टोकाच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाची वाटते, कारण व्हॉल्व्ह तिथून दोनदा जातो आणि टोकाला क्षणभरच असतो.

आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच बेंचवर, एकाच दिवशी आणि एकाच मापाच्या बोअर ॲडॅप्टरवर (हेडखाली सिलिंडरच्या जागी लावतात त्या नळीवर) घेतलेले हवेत. इनटेकच्या तोंडाशी हवा सुरळीत शिरावी म्हणून गोलाई लावली होती का, मॅनिफोल्ड किंवा थ्रॉटल बॉडी जोडून मोजलं का, एक्झॉस्टला पाइपचा तुकडा लावला होता का, हेही विचारा. दोन वेगळ्या दुकानांच्या बेंचचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नका. त्या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही.

प्रवाह वाढवताना पोर्टचं घनमापही किती वाढलं ते विचारा. ब्युरेटने द्रव सोडून ते मोजता येतं. थोड्याच वाढलेल्या घनमापात प्रवाह चांगला वाढला असेल तर कारागिराने आकारावर काम केलं आहे. घनमाप भरपूर वाढूनही प्रवाह जेमतेम वाढला असेल तर त्याने नुसती भिंत घासली आहे. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर सगळ्यांचे आकडे मागा. त्यांच्यातला फरक जितका कमी तितकं काम स्वच्छ. याच कारणासाठी चार सिलिंडरच्या हेडला सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचं, पोर्टिंग सोयीचं पडतं, कारण मशीन प्रत्येक पोर्ट सारखा कापतं. पण मशीनला दिलेला मूळ आकारही कोणीतरी हाताने घडवून, मोजून ठरवलेला असतो. त्यामुळे मूळ आकार कोणाचा आणि कोणत्या कॅमसाठी होता, हे सीएनसीवाल्यालाही विचारायचंच.

पाचवी पायरी : फोनवर बोला आणि तो काय विचारतो ते ऐका

तुमची गरज सांगा आणि थोडं थांबा. चांगला ट्यूनर लगेच उलट विचारू लागतो: कॅम कोणता, कॉम्प्रेशन किती, पाइप कोणता, गाडी कुठे चालवता, सध्या कुठे कमी पडते असं वाटतं? हेड बघायच्या आधीच ‘इतके हॉर्सपॉवर वाढवून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. तसंच पोर्ट आरशासारखा चमकवून देतो, असं अभिमानाने सांगणाऱ्यापासूनही. एक्झॉस्टला गुळगुळीतपणा चालतो, कारण कार्बन कमी धरतो. इनटेकला मात्र बहुतेक कारागीर ६० ते ८० ग्रिटच्या आसपासचा खरखरीत हात ठेवतात, म्हणजे भिंतीवर जमू पाहणारं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. चकाकीने फ्लोमध्ये नाव घेण्यासारखा फरक पडत नाही.

त्याला हे नक्की विचारा: ‘याच मॉडेलचं हेड कधी कापून बघितलंय का?’ पोर्टच्या भिंतीपलीकडे कुठे पाण्याची वाट असते, कुठे तेलाची, कुठे स्प्रिंगची बैठक. ओतकामात भिंतीची जाडी थोडीफार इकडेतिकडे होतेच. बाद झालेलं एक हेड आडवं-उभं कापून ठेवलेलं दुकान, किंवा अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजणारं दुकान अंदाजाने घासत नाही. ‘भिंत फुटली तर काय?’ हेही संकोच न करता विचारा. अनुभवी माणूस या प्रश्नावर चिडत नाही. तो त्याची पद्धत शांतपणे सांगतो.

हेडचा तळ खरवडून कॉम्प्रेशन वाढवायचं ठरत असेल तर तीन गोष्टी त्याने आपणहून काढल्या पाहिजेत. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातलं अंतर कमी होतं. चेनवर चालणाऱ्या ओव्हरहेड कॅमचं टायमिंग मागे सरकतं. आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो. यातलं एकही नाव निघालं नाही तर खरवडण्याचं काम तिथे देऊ नका.

शेवटी जुन्या गिऱ्हाइकांशी बोलता येईल का ते विचारा. तुमच्याच मॉडेलची, किमान दोन मोसम चाललेली गाडी सापडली तर उत्तम. त्यांना टॉप स्पीड विचारू नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्स किती वेळा लावावा लागला, ते विचारा.

सहावी पायरी : लेखी घ्या, मग हेड पाठवा

कोणतं काम करायचं, कोणते पार्ट नवे घालायचे, कोणती मापं मिळणार, किती दिवस लागणार आणि नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्या. व्हॉल्व्ह ऑइल सील नवे, हे त्यात असायलाच हवं.

कॅमच्या कॅप हेडबरोबर एकत्रच मशीन केलेल्या असतात. त्या हरवल्या किंवा त्यांची अदलाबदल झाली तर हेडच वाया जाऊ शकतं, म्हणून त्या जागच्या जागी बसवूनच पाठवा. व्हॉल्व्ह, स्प्रिंग, बकेट आणि शिम सिलिंडरप्रमाणे खुणा करून वेगळ्या पिशव्यांत द्या. मॅनिफोल्डचा रबर, दोन्ही गॅस्केट आणि कॅमही सोबत द्या, नाहीतर जोड जुळवायला त्याच्याकडे काहीच नसतं. गॅस्केटच्या पृष्ठभागावर प्लायवूडचा तुकडा बांधा. सगळ्या बाजूंचे फोटो काढा, हेडवर कुठे ओतीव खूण असेल तर तिचाही. पार्सलने पाठवत असाल तर विमा काढा.

सातवी पायरी : परत आलेलं हेड बसवण्याआधी तपासा

पोर्टमध्ये टॉर्च मारा. शॉर्ट साइडवर खड्डा किंवा लाट नको, सीटपासून बोलपर्यंत पायरी नको, आणि कटर घसरल्याचा ओरखडा सीटवर तर अजिबात नको. स्पार्क प्लग लावून प्रत्येक पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि थोडा वेळ ठेवा. व्हॉल्व्हच्या कडेने ओल दिसू लागली तर सीट धरत नाही. हेडच्या तळावर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने सपाटी बघा, मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

स्वच्छतेबाबत कोणावरही विसंबू नका. घासकामाचा कीस आणि ग्राइंडिंगची भुकटी तेलाच्या वाटांत अडकून बसते. हेड ग्लास बीडने ब्लास्ट केलं असेल तर काचेचे बारीक मणी कोपऱ्यांत राहतात आणि इंजिन सुरू झाल्यावर थेट बेअरिंगांपर्यंत पोचतात. साबणाच्या गरम पाण्याने बारीक ब्रशने प्रत्येक वाट धुवा, हवा मारून वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. दुकानाने धुऊन दिलं असलं तरी हे करा.

बसवताना हेड गॅस्केट नवं घ्या, बोल्ट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळा. हेड खरवडलेलं असेल किंवा कॅम बदलला असेल तर पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून व्हॉल्व्हचं अंतर बघा. हात कुठे अडला तर जोर लावू नका, हेड उचला.

हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं. जुन्याच जेटवर किंवा जुन्याच मॅपवर जोरात पळवू नका. मिश्रण हलकं पडून पिस्टन जाऊ शकतो. डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) मिश्रण जुळवून घ्या, आणि त्या ट्यूनरला फ्लो शीट दाखवा.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर व्हॉल्व्ह क्लिअरन्स मोजा आणि शीटवरच तारखेसह लिहा. नव्या सीटमध्ये व्हॉल्व्ह थोडा बसतो, त्यामुळे पहिल्यांदा फट किंचित कमी झालेली दिसली तर घाबरू नका, शिम बदला. पुढच्या मोजणीतही ती कमी होतच गेली तर व्हॉल्व्ह किंवा सीट झिजते आहे. तेव्हा पुन्हा शिम घालून वेळ मारून नेऊ नका. गाडी थांबवा, आकडे घेऊन दुकानात जा आणि हेड उघडायला सांगा.